कोच पिकरेलनं दिलेली तारीख

टर्की बेंड गावात ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत कुणी लग्न करत नाही. करत नाही म्हणजे नाहीच. मरायचं असेल तरी माणसं सोमवार-मंगळवार बघून मरतात, कारण शुक्रवारी हातांनी खेळायच्या अमेरिकी फुटबॉलचा सामना, शनिवारी त्याची चर्चा, आणि त्या चर्चेत जे काही तोंडातून गेलं त्याची रविवारी देवापाशी माफी. मकॅडमच्या सुनेला सामना रंगात असताना कळा सुरू झाल्या, तर बाईनं दातांत रुमाल धरला, मध्यंतरापर्यंत दम काढला, बाळंत झाली, आणि खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत बाळासकट आपल्या जागेवर येऊन बसली. खोटं वाटत असेल तर ते बाळ आता पोस्टात नोकरीला आहे, जाऊन विचारा.

अशा गावात डॉयल पिकरेलच्या लेकीनं लग्न धरलं, आणि तेही डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी!

आता दुसऱ्या कुणाच्या लेकीनं धरलं असतं तर गाव म्हणालं असतं, पोरगी शहरात राहून बिघडली. पण डॉयल म्हणजे शाळेच्या संघाचा चढाईचा कोच. चेंडू आपल्या पोरांच्या हातात आला की पुढं काय करायचं, कुणी पळायचं, कुणी धडक द्यायची, कुणाकडं फेकायचं, ते सगळं ठरवणार हा. चेंडू समोरच्यांकडं गेला की ती काळजी मुख्य कोच होबर्ट लेडबेटरची. आणि चूक पोरीची नव्हतीच मुळी. तारीख डॉयलनंच दिली होती.

फेब्रुवारीत डेलनीचा फोन आला होता. "डॅडी, लग्नाला एलियटला हॉस्पिटलच्या नोकरीतून सुट्टी मिळतेय ती फक्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तुम्ही मोकळे असाल का? खरं सांगा."

डॉयल पोटभर हसला. "मोकळा? बाळा, तोपर्यंत आमच्या पोरांचे कपडे धुऊन, घड्या घालून कपाटात गेलेले असतील. आमची चढाई बघितलीयस ना तू?"

"डॉयल," वॉनिटा, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "असलं काही बोलू नकोस."

"अगं, टर्की बेंडची खेचरं डिसेंबरात खेळलीयत का कधी?" खेचरं म्हणजे त्यांचा संघ. खेचराचंच चित्र असतं पोरांच्या टोपावर, आणि खेळही तसाच, ढकलल्याशिवाय हलायचं नाही. "घे तू तारीख, डेलनी. मी वचन देतो."

"वचन नको, डॅडी," ती म्हणाली. "वचनं माझ्याकडं खूप आहेत. या फक्त."

तेही खरंच होतं. पोरीचा जन्म झाला तेव्हा डॉयल शाळेच्या तळघरात समोरच्या संघाचा सामना पडद्यावर मागं-पुढं करून बघत होता. तिचं अपेंडिक्स काढलं तेव्हा हा दुसऱ्या गावी. तिची पदवी झाली त्या दिवशी पोरांचा वसंतातला सराव. फोटोंमध्ये वॉनिटा, डेलनी, आणि मधे एक माणूस बसेल एवढी जागा.

मग काय झालं, तर खेचरं जिंकायला लागली.

कसं ते कुणालाच कळेना. डॉयलला तर बिलकुल नाही. वर्षानुवर्षं तो त्याच चाली शिकवत होता. यंदा टायरेल नावाचं एक पोरगं असं वाढलं, की सदऱ्याची बटणं शिवून शिवून त्याच्या आईची बोटं झिजली. चेंडू त्याच्याकडं द्यायचा आणि मधोमध घुसवायचं, बस्स. त्या चालीला गाव म्हणायचं 'नांगर'. नांगर चालला, शेजारचं गाव पडलं. नांगर चालला, त्याच्या पलीकडचं पडलं. नोव्हेंबर अर्धा संपला तरी संघ हरायचं नाव घेईना, आणि पुढची स्पर्धा अशी, की सामना शनिवारी, जिंकला की पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळ, हरला की घरी.

एकेक विजय झाला की गाव हॉर्न वाजवत फिरायचं, आणि डॉयल घरी येऊन खुर्चीत बूट न काढताच बसायचा. सामना संपला की पुढच्या संघाचा अभ्यास. तो कसा उभा राहतो, कुठं वाकतो, कुणाचा गुडघा दुखतो. दिवस उगवायच्या आत शाळेत, आणि घरी यायचा तो ताटातलं अन्न गार झाल्यावर. थकवा असा की गावातल्या एकुलत्या एका सिग्नलला तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागच्या गाड्यांतल्या माणसांनी बघितलं, कोच आहे. एकानंही हॉर्न मारला नाही. टोप्या काढून, अंत्ययात्रा चुकवावी तशा हळूच बाजूनं गाड्या काढल्या सगळ्यांनी. म्हशीएवढाली पोती वाहणारा फर्गसन म्हणे दोन वेळा धान्य टाकून परत आला, तरी डॉयल तिथंच.

आणि कॅलेंडरवर लग्नाचा शनिवार जवळ येत होता.

गावानं मोजणी केली होती. येत्या शनिवारचा हा एक सामना जिंकला, तर पुढचा सामना बरोब्बर लग्नाच्या दिवशी, लग्नाच्या वेळेला, आणि मोटारीनं चार तासांच्या अंतरावर. केशकर्तनालयात, पेट्रोलपंपावर, जिथं तिथं तेच.

"काय कोच," पंपावरचा म्हातारा ओडेल म्हणाला, "शनिवारी जिंकायचंय की सासरा व्हायचंय?"

"दोन्ही करता येतं, ओडेल."

"येतं खरं. पण आमचं लक्ष आहे हं तुमच्याकडं. नांगर अडला ना, तर गाव म्हणेल कोचनं मुद्दाम अडवला."

डॉयलनं पेट्रोलचे पैसे मोजून दिले. त्याच्या डोक्यात तो विचार येऊन गेला नव्हता असं नाही. आंघोळ करताना आला होता, दाढी करताना आला होता. मुद्दाम हरायचं नाही, छे. पण हरलोच तर? हरलोच आपसूक, तर झोप मिळेल, लेकीचा हात धरून चर्चमध्ये चालता येईल, आणि त्यात कुणाचं पाप नाही.

लग्नाच्या आधीचा शनिवार आला. पिलर सिटीशी सामना, दुपारी, परक्या मैदानावर. वारा असा होता की मैदानावरच्या रेघांचा चुना उडून प्रेक्षकांच्या वाट्यांतल्या रश्शात पडत होता, आणि लोक मीठ कमी म्हणून तेच खात होते. डॉयल नेहमीसारखा गॅलरीच्या माथ्यावरच्या लाकडी खोलीत बसला. कानावर फोन, त्याचं दुसरं टोक खाली होबर्टच्या कानावर. डॉयल वरून चाल सांगणार, खाली मदतनीस चित्राची भलीमोठी फळी वर धरणार, पोरं ती बघून खेळणार. बदकाची फळी, किटलीची फळी, सासूबाईच्या तोंडाची फळी. नांगराची फळी तर हाताळून हाताळून कडेनं सोलली होती.

खेळ शेवटाला आला तेव्हा खेचरं चार गुणांनी मागं होती. चेंडू पार समोरच्यांच्या रेषेजवळ, तीन पावलांवर. आणि वेळ एका चालीपुरता. पोचलं तर जिंकलं, नाही पोचलं तर घरी. होबर्टनं खेळ थांबवायला लावला, पोरांना जवळ बोलावलं, आणि फोनवर आला.

"पिकरेल. नांगर."

डॉयल खाली बघत होता. पिलर सिटीची सगळी पोरं मधोमध अशी दाटली होती की त्यांच्यात खिळा ठोकायला जागा नव्हती. नांगर अडणार. आंधळ्यालाही दिसत होतं. आणि मुख्य कोच स्वतःच्या तोंडानं तेच मागत होता. डॉयलनं नुसतं "होय कोच" म्हणायचं. दोन शब्द. मग टायरेल त्या भिंतीवर जाऊन आदळेल, पंच शिट्टी फुंकेल, आणि पुढचा शनिवार मोकळा. कुणी एक अक्षर बोललं नसतं.

"पिकरेल? झोपलास का काय?"

"ऐकतोय, कोच."

"नांगर म्हणतोय मी."

डॉयलनं डोळे चोळले. खाली गॅलरीत वॉनिटा शाल घट्ट ओढून बसली होती. ती मैदानाकडं बघत नव्हती. मान वळवून वर, खोलीकडं बघत होती. एवढ्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

आणि मग त्याला ते दिसलं. मेलं दिसायला नको होतं, पण त्या कामात उभं आयुष्य गेलं की डोळे आपल्या मनाविरुद्ध बघतात. उजव्या टोकाला पिलर सिटीचं जे पोरगं उभं होतं, ते टाचांवर होतं, तोंड मधोमध वळवून. त्याच्या समोर आपला कोल्बी. वर्षभरात एकही चेंडू न झेललेला, फक्त धडका द्यायला ठेवलेला, ओंडक्यासारखा कोल्बी. त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"कोच," डॉयल म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, "नांगर नको. खोटा नांगर. फळी उलटी धरा. चेंडू टायरेलला द्यायचं सोंग करायचं, आणि टाकायचा उजवीकडं, कोल्बीला."

खाली होबर्टनं कोल्बीकडं मान वळवली.

"कोल्बीला?" होबर्ट म्हणाला. "त्या पोराच्या हातात सँडविच टिकत नाही."

"माहितेय."

"पिकरेल, मी एकदाच विचारतो. हे लग्नापायी आहे का?"

डॉयलला हसू आलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. "नाही कोच," तो म्हणाला. "लग्नापायी नाही. लग्नाला जायचं असतं तर मी नांगर म्हटला असता."

होबर्टला ते समजायला एक क्षण लागला. मग तो म्हणाला, "हं," आणि फोन तोंडापासून दूर केला.

नांगराची फळी वर गेली, उलटी. पिलर सिटीची माणसं हसली. त्यांना वाटलं, मदतनीस भांबावला. चेंडू निघाला. टायरेल पोटाशी चेंडू असल्याचं सोंग करत भिंतीवर जाऊन आदळला, आणि पिलर सिटीचे सगळे, त्यांचे बदली खेळाडू, त्यांचा बँडवाला ढोलकरी, सगळे त्याच्यावर पडले. तिकडं उजवीकडं कोल्बी एकटा उभा. चेंडू त्याच्याकडं आला. त्याच्या हातावर आपटला, खांद्यावर उडाला, टोपावर बसला, तिथून घरंगळला, आणि कोल्बीनं तो शेवटी दोन्ही गुडघ्यांत धरला. गुडघ्यांत! पण रेषेच्या पलीकडं. पंचांनी दोन्ही हात वर केले.

अख्खं गाव मैदानात उतरलं. वर खोलीत डॉयलनं कानावरचा फोन काढून टेबलावर ठेवला आणि तो जिना उतरू लागला. एकेक पायरी, गुडघे करकरत.

जिन्याखाली वॉनिटा उभी होती.

"छान चाल होती," ती म्हणाली.

"वॉनिटा..."

"मी काही बोलले का? छान होती म्हटलं." तिनं त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवरचा चुना झटकला. "ती पोरगी गेल्या आठवड्यापासून मला म्हणतेय, मॉमा, अंकल रॉयला सांगून ठेव. हात धरून चालायला कुणीतरी हवं. मी सांगितलेलं नाही अजून. आता सांगते."

"सांगू नकोस."

"डॉयल, दमलेय मी. उगाच 'सांगू नकोस' म्हणू नकोस."

"सांगू नकोस," तो पुन्हा म्हणाला, आणि तिला तिथंच सोडून गर्दीत घुसला.

होबर्टला पोरांनी बादलीभर थंड पाण्यानं आंघोळ घातली होती. तो बसच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसला होता, भिजलेल्या घुबडासारखा.

"कोच, पुढच्या शनिवारी मी नाही येत."

होबर्ट टॉवेलाआडून म्हणाला, "चेष्टा नको. थंडी वाजतेय मला."

"सगळ्या चाली लिहून देतो. पहिली कुठली, ती फसली तर कुठली. आठवडाभर पोरांना घोटवून घेतो. फक्त शनिवारी तुम्ही म्हणायच्या."

"मी?" होबर्टनं टॉवेल खाली घेतला. "मी बचावाचा माणूस, डॉयल. त्या बदकाच्या फळीचा अर्थ काय, हे मला आजवर ठाऊक नाही."

"ती फळी येऊन सहा वर्षं झाली, कोच."

"मग विचारायची लाज वाटायला लागली. आणि त्या सासूबाईचा तर मी कधी विचारच केला नाही." त्यानं टॉवेल पिळला. मग आवाज बदलून म्हणाला, "हे बघ. या भागात अशा सामन्याला कुणी कोच गैरहजर राहिल्याचं माझ्या बापाच्या बापानं ऐकलेलं नाही. शनिवारी तू त्या खोलीत नसलास, तर नोकरी संपली, सोमवारी तुझी खोली रिकामी कर. मला करावंच लागेल ते. नाही केलं तर गाव माझी करेल."

"बरं, कोच."

"बरं? एवढंच?"

"एवढंच," डॉयल म्हणाला. बसमध्ये जागा मिळाली तशी पुढं बसून त्यानं डोळे मिटले. पोरं त्याच्या डोक्यावरून उड्या मारून गाणी म्हणत होती. कुणीतरी त्याच्या मांडीवर अर्धा बर्गर ठेवला. तो तसाच घरापर्यंत आला.

आठवडाभर त्यानं शब्द पाळला. पोरांना घोटवलं. होबर्टला बदक शिकवलं, किटली शिकवली, सासूबाई शिकवली. होबर्ट मान हलवायचा आणि शेवटी विचारायचा, "आणि नांगर तोच ना?"

"तोच, कोच. पण पहिल्या धडकेत अडला तर सोडून द्या."

"देईन, देईन."

मग आला लग्नाचा दिवस. गावात चिटपाखरू नाही. दुकानांना कुलपं, पंप बंद, कुत्रीसुद्धा म्हणे कुणाच्या तरी ट्रकच्या मागं बसून सामन्याला गेलेली. चर्चच्या उजव्या बाजूच्या बाकांवर नवऱ्याकडची माणसं होती, दूर उत्तरेकडची, नीटनेटकी, कोट घातलेली, आपलं काय चुकलं असा चेहरा करून. डाव्या बाजूला, नवरीकडं, वॉनिटा. तिच्या मागं बहिरी काकू फ्लॉसी, जिला सामना आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. बस्स. अंकल रॉयसुद्धा सकाळी "छातीत दुखतंय" म्हणून निघून गेला होता. छातीत दुखणारा माणूस संघाचा निळा झेंडा घेऊन मोटारीत का बसला, ते कुणी विचारलं नाही.

दारात डेलनी उभी होती, पांढऱ्या झग्यात. डॉयलचा कोट लग्नातला होता, त्याच्या स्वतःच्या, आणि बटण लागत नव्हतं.

"तुम्ही आलात," ती म्हणाली.

"आलो."

"मला वाटलं, ऐन वेळी फोन येईल."

"फोन घरी ठेवलाय. डब्यात. पिठाच्या." त्यानं हात पुढं केला. तिनं धरला. पेटी वाजायला लागली. दोघं चालायला लागले आणि डॉयलनं सवयीनं समोरची मांडणी बघितली. उजवीकडं दाटी, डावीकडं मैदान मोकळं. तो तिच्याकडं कलून कुजबुजला, "डावी बाजू सगळी रिकामी आहे हं. पळायचं असेल तर अजून वेळ आहे."

"डॅडी, गप चला," ती म्हणाली, पण तिचा हात हलत होता, हसण्यानं.

वेदीपाशी ब्रदर ट्रुएट उभे होते. मोठे धर्मगुरू, भरघोस पांढरे केस, आणि आज ते केस एका कानावर जरा जास्तच ओढलेले. त्या केसांखालून कोटाच्या खिशातल्या रेडिओपर्यंत एक बारीकशी तार गेली होती. वॉनिटानं ती आधीच बघितली होती. लग्नाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, हेच पुष्कळ, म्हणून ती गप्प बसली होती.

ब्रदर ट्रुएट प्रार्थना म्हणायला लागले. "हे दयाळू परमेश्वरा, या दोन जिवांना..." आणि मधेच त्यांच्या भुवया वर चढल्या. "...होय! होय, परमेश्वरा!" उत्तरेकडच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना वाटलं, दक्षिणेकडं भक्ती अशीच करत असतील. मग ब्रदरांचा चेहरा पडला. ते थांबले, पुढं वाचायला लागले. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर त्यांनी डोळेच मिटले.

डॉयल तो चेहरा बघत होता. पडद्यावरचा खेळ मागं-पुढं करून बघावा तसा. नांगर, त्याला कळलं. नांगर, आणि अडला. पुन्हा नांगर. आणि आता पुन्हा. मैदान चार तासांवर होतं, पण ते पोरगं भिंतीवर आदळल्याचा आवाज त्याला छातीत ऐकू आला. त्याच्या ओठांवर ते येऊन थांबलं. किटली, कोच. किटली म्हणा.

"या कन्येला विवाहात कोण देतंय?" ब्रदर ट्रुएटनी विचारलं. त्यांच्या आवाजात रडू होतं.

डॉयल त्यांच्या कानाकडं बघत राहिला.

सगळं चर्च थांबलं. पेटी थांबली. एलियट, नवरा मुलगा, चष्मा पुसायला लागला. वॉनिटा बाकावर ताठ बसली.

"डॅडी," डेलनी हळूच म्हणाली. तिनं त्याची बाही ओढली नाही, चिमटा काढला नाही. नुसतं म्हणाली, आणि त्याच्या हातातला आपला हात सैल केला, त्याला सोडवून घ्यायचा असेल तर घेऊ दे म्हणून. ही सवय तिला लहानपणापासून होती.

ते त्याला कळलं. कान, तार, चार तासांवरचं मैदान, सगळं त्यानं तिथंच टाकलं. त्यानं तो हात पुन्हा घट्ट धरला.

"मी," तो म्हणाला. "मी आणि हिची आई."

मग त्यानं तिचा हात एलियटच्या हातात दिला, गालाचा मुका घेतला, आणि वॉनिटाशेजारी जाऊन बाकावर बसला. पाठ टेकली की नाही टेकली, त्याचे डोळे मिटले. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, ब्रदर ट्रुएटनी दोनदा नाक शिंकरलं, आणि डॉयल पिकरेल असा घोरला की खिडकीच्या रंगीत काचा थरथरल्या. उत्तरेकडची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "यांच्याकडं बापानं झोपायची पद्धत असावी."

काकू फ्लॉसीनं त्याला जागं करायला काठी उचलली. वॉनिटानं ती हळूच धरून खाली केली, आणि आपली शाल त्याच्या गुडघ्यांवर टाकली.